दहा हजार मिलिसेकंदांची मुजोरी

मंडळी, आज जरा तांत्रिक लिहिणार आहे. संगणकवाले मित्र "हे आम्हाला ठाऊक आहे" म्हणून पळतील आणि नातेवाईक "हे आम्हाला कळायचं नाही" म्हणून पळतील, हा धोका पत्करूनच लिहितोय. दोघांनीही कृपया थांबा. विषय दिसायला क्षुल्लक आहे, पण त्यापायी धडगाव-मोळगीकडे काम करणाऱ्या बायकांची अख्ख्या दिवसाची मेहनत वाया जाते आणि वर खापरही त्यांच्याच डोक्यावर फुटतं.

मला एका आकड्याचा राग आहे. दहा हजार. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या कित्येक ॲप्सच्या पोटात, कुठल्यातरी कोपऱ्यातल्या फायलीत हा आकडा ठाण मांडून बसलेला असतो. त्याचा अर्थ असा: ॲपने सर्व्हरकडे केलेली कुठलीही विनंती दहा हजार मिलिसेकंदांत, म्हणजे दहा सेकंदांत पुरी झाली नाही तर ती तोडून टाका. कुठलीही बरं का. गावांची यादी मागितली असो, बाळाचं वजन नोंदवलं असो, की दोन एमबीचा फोटो पाठवला असो. सगळ्यांना एकच माप. काही ॲप्समध्ये हा आकडा पाच हजार असतो, काहींत तीस हजार. आकडा कुठलाही असला तरी रोग तोच. माझं म्हणणं सरळ आहे: सगळ्या विनंत्यांना एकच सेटिंग लावून मोकळं होणं हा आळस आहे, आणि प्रत्येक विनंतीला तिच्या कामाप्रमाणे सेटिंग देणं ही ॲप लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे. ती "नंतर वेळ मिळाला तर करू" अशी चैनीची गोष्ट नव्हे.

आधी नातेवाइकांसाठी थोडं सोपं करून सांगतो.

पोस्टाचे दिवस आठवा. "गणपतीला येतोय" हे कळवायला पोस्टकार्ड पुरायचं. जरा खाजगी असेल तर आंतर्देशीय. जमिनीचे कागद पाठवायचे तर रजिस्टर, तेही पोचपावतीसकट. घरात कोणी गेलं तर तार. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, ते सोडा. मुद्दा असा की कुठल्याही घरात आजोबांनी "आपल्याकडचं धोरण म्हणजे सगळं पोस्टकार्डावर" असं जाहीर केलं नव्हतं. काय पाठवायचंय, ते पोचलं नाही तर काय बिघडेल, आणि पोचलं की नाही हे आपल्याला कळायला हवं का, हे पाहून दर वेळी ठरायचं. चौथी पास माणूससुद्धा हे ठरवू शकत होता.

ॲपचंही तेच आहे. तुम्ही एखादं बटण दाबता तेव्हा ॲप सर्व्हरकडे एक पत्र पाठवतं. त्याला एचटीटीपी विनंती म्हणतात. ह्या पत्रासोबत ॲप लिहिणाऱ्याला सूचना जोडता येतात. उत्तराची वाट किती वेळ पाहायची. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवायचं का, आणि किती वेळा. ओळखपत्र दाखवायचं की नाही. उत्तर मराठीत हवंय की इंग्रजीत. फोनमध्ये साठवलेलं जुनं उत्तर चालेल की ताजंच हवं. पत्रागणिक वेगळं ठरवता येतं, आणि नेमकं तेच आमची जमात ठरवत नाही.

आता मित्रांनो, तुमच्याकडे वळतो.

साधनं नव्हती म्हणून असं झालं, ही सबब चालणार नाही. १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीसोबत पानामागून गुपचूप विनंती पाठवायची सोय आली. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी त्या पद्धतीला 'एजॅक्स' असं नाव दिलं आणि २००६ मध्ये जेक्वेरी आली. जेक्वेरीत प्रत्येक विनंतीला वेगळा टाइमआउट देता यायचा. सगळ्या विनंत्यांना एकदम लागू होणारी 'एजॅक्ससेटअप' नावाची सोयही होती, आणि गंमत म्हणजे ती वापरू नका असं जेक्वेरीच्याच माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे! पुढे ॲक्सिओस आलं. त्यात तीन थर आहेत: लायब्ररीचं मूळ सेटिंग, त्यावर तुम्ही तयार केलेल्या इन्स्टन्सचं, आणि त्यावर त्या एका विनंतीचं. वाद झाला तर विनंतीचं सेटिंग जिंकतं. म्हणजे ज्यांनी हे बनवलं त्यांना शेवटचा शब्द विनंतीचा हवा होता. ब्राउझरमधल्या फेचला स्वतःचा टाइमआउट नाही, पण ॲबॉर्ट-कंट्रोलर आहे, आणि २०२२ पासून तर ॲबॉर्ट-सिग्नलला थेट मिलिसेकंदांचा आकडा देऊन ती विनंती तेवढ्या वेळाने थांबवता येते. एका ओळीचं काम.

मग हा दहाचा आकडा आला कुठून? माझा अंदाज असा की तो माणसाच्या धीरावरून आला. जेकब नील्सन यांनी १९९३ च्या पुस्तकात प्रतिसादाच्या वेळेच्या तीन मर्यादा सांगितल्या होत्या: एक दशांश सेकंद, एक सेकंद आणि दहा सेकंद. दहा सेकंदांपलीकडे माणसाचं लक्ष समोरच्या कामावर टिकत नाही, असं ते सांगणं. म्हणजे तेवढ्या वेळात काम होणार नसेल तर किती झालं, किती उरलं हे त्याला दाखवा. आपण मात्र त्याचा अर्थ "दहा सेकंद झाले की काम तोडा" असा करून बसलो. पडद्यापुढच्या माणसाचा धीर एक, तारेवरून जायला लागणारा वेळ दुसरा. पहिल्याचं माप दुसऱ्याला लावलं.

पुण्या-मुंबईच्या फायबरवर हे खपून जातं. नंदुरबार जिल्ह्यात नाही खपत.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. तालुके सहा: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे आपलं धडगाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात, त्यातले जवळपास सत्तर टक्के आदिवासी. तापीकाठचा सपाट भाग वेगळा आणि सातपुड्यात चढून नर्मदेपर्यंत उतरणारा भाग वेगळा. वरच्या भागात पाडे डोंगरउतारावर विखुरलेले, घरं एकमेकांपासून लांब, आणि मध्ये दऱ्या. टॉवरची लहर डोंगर ओलांडत नाही. त्यामुळे एका टेकाडावर चार दांड्या आणि त्याच पाड्याच्या खालच्या अंगाला शून्य, असा प्रकार चालतो. सगळ्यात फसवी अवस्था मधली. दांडी दिसते, फोन म्हणतो "जोडलेलं आहे", आणि माहिती मात्र मुंगीच्या पावलाने सरकते. ब्राउझरला "ऑनलाइन आहेस का" विचारलं तर तोही खुशाल "हो" म्हणतो. त्याच्या लेखी त्याचा अर्थ फोन कुठल्यातरी नेटवर्कला जोडलेला आहे, एवढाच.

गेल्या वर्षी असंच एक ॲप नजरेखालून घालायचं काम माझ्याकडे आलं. एका संस्थेचं आरोग्य-नोंदींचं ॲप, नाव सांगत नाही. डोंगरातल्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन बाळांची वजनं, गरोदर बायकांच्या तपासण्या, लसीकरणाच्या कार्डाचा फोटो, असं सगळं त्यात भरायच्या. संस्थेच्या कार्यालयातली तक्रार अशी: "त्या बायकांना ॲप नीट वापरता येत नाही. फोटो पाठवतच नाहीत. आणखी एक ट्रेनिंग ठेवावं लागणार." ट्रेनिंगची तारीखसुद्धा ठरत आली होती.

कोड उघडला. दहा हजार. आणि खाली "अपयश आल्यास तीन वेळा पुन्हा प्रयत्न". दोन्ही सगळ्या विनंत्यांना सरसकट.

आता साधं त्रैराशिक करू. फोटो दोन एमबीचा, म्हणजे साधारण सोळा मेगाबिट. तो दहा सेकंदांत वर चढवायचा तर सेकंदाला १.६ मेगाबिट इतका अपलोडचा वेग हवा. डोंगरात मिळाला समजा १०० किलोबिट, तर लागणार १६० सेकंद. म्हणजे हा फोटो जाणं अशक्यच आहे. ॲप तीनदा काय, तीनशेदा प्रयत्न करो. आणि दर वेळी पहिल्या बाइटपासून सुरुवात. दहा सेकंदांत १०० किलोबिटने साधारण १२५ केबी वर जातात, मग विनंती तोडली जाते, गेलेलं फुकट. पहिला प्रयत्न आणि पुढचे तीन मिळून त्या बाईच्या रिचार्जमधले ५०० केबी खर्च, हातात "त्रुटी आली, पुन्हा प्रयत्न करा" असा लाल पट्टा. कोणी म्हणेल फोटो बारीक करून पाठवा. जरूर करा. दोनशे केबीचा केलात तरी त्याच वेगाने सोळा सेकंद लागतात. दहाच्या भिंतीवर तोही आपटतो.

ट्रेनिंगने ह्यात काय होणार? बाईला गणित शिकवणार की टॉवरला?

पुढचा प्रकार ह्याहून वाईट, कारण तो दिसत नाही. बाळाचं वजन नोंदवायची विनंती निघाली. सर्व्हरवर पोचली. नोंद झाली. पण "झाली" हे उत्तर परत येताना रखडलं आणि दहा सेकंद संपले. ॲपला वाटलं अपयश. त्याने पुन्हा पाठवली. सर्व्हरने आणखी एक नोंद केली. एका बाळाच्या एकाच दिवशी दोन-तीन नोंदी. एचटीटीपीच्या नियमांत हे स्पष्ट आहे: गेट, पुट, डिलीट ह्या पद्धतीच्या विनंत्या एकदा केल्या काय किंवा पाचदा केल्या काय, सर्व्हरवरचा अपेक्षित परिणाम एकच राहायला हवा. पोस्ट पद्धतीला ही हमी नाही. तेव्हा पोस्ट विनंती डोळे झाकून पुन्हा पाठवायची नसते. पाठवायचीच असेल तर तिच्यासोबत फोनवरच तयार केलेला एक अनन्य क्रमांक द्यायचा, म्हणजे सर्व्हर म्हणेल "हे पत्र मला आधीच मिळालंय". ऑनलाइन पैशांच्या व्यवहारात ही काळजी घेतात, कारण एका खरेदीचे दोनदा पैसे कापले तर ग्राहक गळा धरतो. आदिवासी पाड्यावरच्या बाळाची नोंद दोनदा झाली तर कोण कोणाचा गळा धरणार? तिथे उलट चौकशी होते की कार्यकर्तीने आकडे फुगवले का.

बैठकीत मी हे मांडलं तेव्हा लगेच तोडगा निघाला. "ठीक आहे, दहाच्या जागी दोन मिनिटं करून टाका. सगळीकडे." घ्या! मूळ रोग तसाच, फक्त उलट्या बाजूने. त्याच ॲपमध्ये एक बटण होतं: गरोदर बाईची तब्येत अचानक बिघडली तर वरच्या केंद्राला सूचना पाठवायचं. सगळीकडे दोन मिनिटं केली की ती कार्यकर्ती गोल फिरणाऱ्या चक्राकडे दोन मिनिटं बघत बसणार, आणि मग तिला कळणार की सूचना गेलीच नाही. तिथे मला पाच सेकंदांत स्पष्ट उत्तर हवं: "गेलं नाही. फोन लावा, नाहीतर कोणाला तरी पाठवा." वेळ वाढवणं फोटोच्या बाबतीत उपकार आहे, ह्या बटणाच्या बाबतीत अपकार. दोघांना पुरेल असा एक आकडा जगात नाही. शोधू नका.

गावाच्या नावाच्या शोधाचंही तसंच. बाई 'बि' टाइप करते, एक विनंती जाते. मग 'बिलगाव' पुरं करते, दुसरी जाते. मंद नेटवर्कवर दुसरीचं उत्तर आधी आणि पहिलीचं मागाहून येऊ शकतं. समोर बिलगाव दिसत असताना अचानक यादी बदलते आणि बोट भलत्याच गावावर पडतं. इथे उपाय टाइमआउट वाढवणं किंवा कमी करणं हा नाहीच. नवी विनंती निघाली की जुनी रद्द करायची. ॲबॉर्ट-कंट्रोलर त्याचसाठी आहे, आणि तो विनंतीगणिकच जोडावा लागतो.

वेळेबद्दल खूप झालं. सरसकटपणाचे आणखी दोन मासले सांगतो.

पहिला भाषेचा. विनंतीसोबत 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' नावाचं शीर्षक जातं: उत्तर कोणत्या भाषेत हवं ते सांगणारं. सर्व्हरला मराठी येत असेल तर ह्यावरून तो मराठीत बोलू शकतो. ही काही पोकळ हौस नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, आठवतंय? फोन निकृष्ट आहेत, तापतात, ही एक तक्रार. आणि त्याच वर्षी आलेलं पोषण ट्रॅकर इंग्रजीत आहे, मराठीत हवं, ही दुसरी. आपल्या कामाच्या नोंदी आपल्या भाषेत करता याव्यात एवढ्यासाठी बायकांना फोन परत करावे लागले. आणि आमच्याकडे अजूनही भाषेचं सेटिंग एकदा इंग्रजी म्हणून ठोकून दिलं की वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही. कार्यकर्तीला दिसणारा संदेश मराठीत हवा. तोच दोष तंत्रज्ञाला कळवणारी विनंती खुशाल इंग्रजीत जाऊ दे. दोन विनंत्या, दोन भाषा. एवढं अवघड आहे का?

दुसरा ओळखपत्राचा. लॉगिन झाल्यावर मिळणारं टोकन सगळ्या विनंत्यांच्या शीर्षकात सरसकट चिकटवायची एक सवय आहे. मग ॲप नकाशाच्या कंपनीकडे नकाशा मागतं तेव्हा तिलाही ते टोकन जातं, एसएमएस पाठवणाऱ्या तिसऱ्याच सर्व्हरलाही जातं. ॲक्सिओसच्या माहितीपुस्तकातच ह्याची सूचना आहे, की एकापेक्षा जास्त ठिकाणी विनंत्या जात असतील तर तुमचं टोकन त्या सगळ्यांकडे जाईल. घराची किल्ली दूधवाल्याला, पेपरवाल्याला आणि रस्ता विचारणाऱ्यालाही देण्यासारखं आहे हे. इथे घर कोणाचं? ज्या बायकांच्या गरोदरपणाच्या नोंदी त्यात आहेत त्यांचं.

आता विरोधकांचं म्हणणं. ते मी टाळणार नाही, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

पहिला आक्षेप: "सेटिंग एका जागी असलं की कोड स्वच्छ राहतो. दोनशे ठिकाणी दोनशे आकडे विखुरले तर सांभाळणार कोण?" मान्य. दोनशे ठिकाणी आकडे विखुरणं हाही गाढवपणाच. पण एक आणि दोनशे ह्यांच्या मध्ये चार नावाचा आकडा आहे. विनंत्यांचे प्रकार पाडा, त्यांना नावं द्या. 'वाचन': थोडी वाट, पुन्हा प्रयत्नाला हरकत नाही, जुनं उत्तर चालत असेल तर आधी ते दाखवा. जिल्ह्यातल्या गावांची यादी रोज बदलत नाही, औषधांचा साठा बदलतो. 'नोंद': जास्त वाट, अनन्य क्रमांकाशिवाय पुन्हा पाठवायची नाही. 'फोटो': एकूण वेळेची मर्यादा काढून टाका, त्याऐवजी तीस सेकंदांत एकही बाइट पुढे सरकला नाही तरच थांबा. वर किती गेलं ते ॲक्सिओस सांगतं, फेच सांगत नाही, तेव्हा साधनही कामाप्रमाणे निवडा. 'तातडी': पाच सेकंद, आणि लगेच स्पष्ट उत्तर. हे चार प्रकार एकाच फायलीत राहतात. प्रत्येक विनंतीने फक्त आपला प्रकार सांगायचा, आणि प्रकार सांगितल्याशिवाय विनंती निघूच द्यायची नाही. म्हणजे लिहिणाऱ्याला दर वेळी क्षणभर तरी विचार करावा लागतो. स्वच्छताही राहिली, माणुसकीही राहिली.

दुसरा आक्षेप: "नेटवर्क सुधारतंय, फोर-जी, फाइव्ह-जी येतंय, दोन वर्षांत हा प्रश्नच राहणार नाही." हे मी बरीच वर्षं ऐकतोय. नेटवर्क सुधारतंयही, नाकारत नाही. पण आज ज्या बाळाचं वजन घेतलं त्याची नोंद आज जायची आहे. आणि नेटवर्क सुधारलं की आम्ही लगेच फोटो आणखी मोठे करतो, हे सोयीस्करपणे विसरू नका.

तिसरा आक्षेप जास्त हुशार आहे: "आधी फोनमध्येच साठवा, नेटवर्क मिळालं की पाठवा. मग टाइमआउटची कटकटच नाही." फोनमध्ये साठवायलाच हवं, शंभर टक्के सहमत. पण साठवलेलं शेवटी पाठवावं लागतंच ना? आठवडी बाजाराच्या दिवशी बाई धडगावला आली, फोनला नेटवर्क लागलं, आणि आठवड्याचे चाळीस फोटो आणि साठ नोंदी एकदम त्याच दहा सेकंदांच्या दारातून घुसायला लागल्या, की काय होतं? फोटो पुढे, नोंदी मागे, सगळं अडकलेलं. तिथे तर आधी नोंदी, मग फोटो, असं विनंतीगणिक प्राधान्य ठरवण्याची गरज दुप्पट असते.

आता मोठ्या चित्राकडे या. देशातला पहिला आधार क्रमांक ह्याच जिल्ह्यात दिला गेला. २९ सप्टेंबर २०१०, शहादा तालुक्यातलं टेंभली, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी हजर, आणि पहिला क्रमांक रंजना सोनवणे यांना. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नंदुरबार आलं, आणि ह्या जिल्ह्यांची प्रगती मोजायची ती भरलेल्या आकड्यांवरून. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाईल ॲपवरून, दिवसातून दोनदा फोटो काढून, घेणं देशभर सक्तीचं झालं. म्हणजे ओळख, पोषण, मजुरी, सगळं एकेक करून फोनमधून जाणाऱ्या विनंत्यांवर येऊन टेकलं. फोटो वर चढला नाही तर दिवसाच्या मजुरीचा प्रश्न. आपण ज्याला "रिक्वेस्ट फेल झाली" म्हणतो त्याचा तिथे अर्थ इतका थेट आहे.

उद्घाटनाचा फोटो काढायला टेंभली चालते. सेटिंग ठरवताना मात्र माप पुण्यातल्या ऑफिसातलं वायफाय. ह्याचा मला राग आहे. ब्राउझरच्याच साधनांत मंद नेटवर्कची नक्कल करायची सोय आहे, दोन क्लिकांवर. किती ॲप्स ती लावून एकदा तरी आरपार वापरून पाहिली जातात?

२०२० साली कोरोनाच्या काळात नर्मदाकाठच्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांची बातमी देशभर गाजली होती. पाड्यांवरच्या बायका-मुलं अंगणवाडीत येऊ शकत नव्हती, म्हणून त्या स्वतः नाव वल्हवत, अठरा किलोमीटरचा प्रवास करत, त्यांच्यापर्यंत जायच्या. बाळांची वजनं घ्यायच्या, आहार द्यायच्या. आपण सगळ्यांनी ती बातमी पुढे ढकलली, हात जोडले, अभिमान वाटला वगैरे. माझा साधा प्रश्न आहे. अशी कोणी बाई दिवसभर नाव वल्हवून संध्याकाळी नोंद पाठवायला बसते, तेव्हा आपलं ॲप तिच्यासाठी अकरावा सेकंद थांबायला तयार नसेल, तर त्या जोडलेल्या हातांना काय अर्थ आहे?

टॉवर उभारणं माझ्या-तुमच्या हातात नाही. रस्ता करणं नाही. पण विनंतीसोबत जाणारी ती एक ओळ पूर्णपणे आपल्या हातात आहे. तिच्यासाठी निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही, कोणाचं उद्घाटन लागत नाही. तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी विनंती लिहिताना तीन प्रश्न विचारा. ही पुरी व्हायला खालच्यात खालच्या वेगाने किती वेळ लागेल? ही दोनदा पोचली तर काय होईल? आणि ही पोचली नाही तर कोणाला, किती लवकर कळायला हवं? उत्तरं येत नसतील तर ती विनंती लिहायची तुमची तयारी अजून झालेली नाही, असं समजा.

आणि नातेवाईक मंडळी, तुमच्यासाठीही एक काम. पुढच्या वेळी ॲपने "त्रुटी आली" म्हटलं की लगेच "आम्हाला जमत नाही बाई हे" म्हणू नका. पुष्कळदा जमत तुम्हाला असतं. दहा सेकंद आमच्यातल्याच कोणीतरी, तुमचा विचार न करता, ठरवलेले असतात.

असो. बरंच लांबलं. त्या संस्थेच्या ॲपमध्ये आता विनंत्यांचे चार प्रकार आहेत, ट्रेनिंग रद्द झालं, आणि ट्रेनिंगच्या पैशांत फोनच्या बॅटऱ्या बदलून मिळाव्यात म्हणून माझं सध्या भांडण चालू आहे. :)